दोन बोटं डावीकडे

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी गोठलेल्या सरोवराला बासष्टावं भोक पडलं. गिरमिट वर काढताच पाणी उसळलं, बर्फावर पसरलं आणि तिथल्या तिथे गोठू लागलं. दोघांनी गळ बांधलेला दोर आत सोडला. दोर तळाला टेकला. त्यांनी तो इकडे तिकडे ओढून पाहिला आणि रिकामा वर घेतला. तिसऱ्याने भोकाशेजारी एक काडी रोवली. आधीच्या एकसष्ट काड्या त्याच्या मागे ओळीने उभ्या होत्या.

चित्रकलेच्या बाई चहाची किटली घेऊन पोचल्या त्या याच वेळी. हेडसरांनी पाठवलं होतं. शाळा बंद होती आणि गावातल्या प्रत्येकाने काही ना काही काम अंगावर घेतलं होतं. बाईंच्या वाट्याला किटली आली.

"या बाई," शोधपथकाचे प्रमुख म्हणाले. दाढीवर त्यांचा श्वास गोठून पांढरा झाला होता. "चहा नको असतो असं नाही, पण आधी तुमचे आभार मानायचेत."

"माझे?"

"तुमचा वर्ग नसता तर आम्ही अख्खं तळं चाळत बसलो असतो. उन्हाळा उजाडला असता."

मंगळवारी दुपारी गावचा ट्रॅक्टरवाला पलीकडच्या काठावरून रॉकेलची पिंपं घेऊन निघाला होता. थंडीभर गावाचा सगळा माल बर्फावरून तोच आणायचा. वाट ठरलेली होती, दोन्ही बाजूंना फांद्या रोवलेल्या होत्या. तो अर्ध्यावर आला आणि वादळ सुटलं. वादळ दोन दिवस चाललं. ते थांबलं तेव्हा वाटेवर ट्रॅक्टर नव्हता, काठावरही नव्हता. वाऱ्याने चाकोरी पुसून टाकली होती आणि कुठे भगदाड पडलं असेलच, तर ते पुन्हा गोठून त्यावर हातभर भुसभुशीत बर्फ साचला होता. नाकासमोर चालणारा माणूस, तो वाट सोडून गेलाच कसा, एवढंच जो तो म्हणत होता.

मंगळवारी दुपारी चित्रकलेचा तास होता. बाईंनी मुलांना खिडकीतून दिसेल ते काढायला सांगितलं होतं. हे हेडसरांना आठवलं आणि त्यांनी कपाटातले नऊच्या नऊ कागद काढून पथकाच्या हवाली केले.

"नऊ साक्षीदार," प्रमुख म्हणाले. "पण काय सांगू तुम्हाला! एकाच्या चित्रात तळ्यावर जहाज आहे. एकाच्या ट्रॅक्टरला पंख आहेत. मी त्याला विचारलं, बाळा, पंख खरंच होते का रे? तर म्हणतो, नव्हते, पण असते तर बरं झालं असतं."

गिरमिटवाला हसला. मग आपण हसलो हे लक्षात येऊन खाली बघू लागला.

"कामाचं एकच निघालं. ट्रॅक्टरवाल्याच्या मुलीचं." प्रमुखांनी कोटाच्या आतून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. "हे बघा. हा धक्का, हा धक्क्यावरचा दिव्याचा खांब. आणि खांबाच्या डावीकडे हा ट्रॅक्टर. ती म्हणते, तो बराच वेळ एका जागी थांबला होता, म्हणून तर काढता आला. बहुतेक पुढे भेग दिसली असणार आणि तो वाट सोडून वळसा शोधत असणार. मग बर्फ पडायला लागला आणि दिसेनासा झाला. म्हणजे जे काही झालं ते तिथेच, आसपास. बरोबर?"

बाईंनी कागद हातात घेतला.

चित्र चांगलं झालं होतं, हे त्यांच्या मनात सगळ्यात आधी आलं. खांब आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये दोन बोटं मोकळी जागा होती. त्या जागेमुळे दोन्ही वस्तू नीट सुट्या दिसत होत्या, नजर आधी खांबावर जात होती आणि तिथून ट्रॅक्टरकडे. दहापैकी आठ गुण, साडेआठसुद्धा. बर्फासाठी मुलीने कागद कोरा न सोडता फिकट निळा हात फिरवला होता. तेही बाईंनीच शिकवलं होतं.

मग त्यांनी कागद उजेडाकडे तिरका धरला. खांबाच्या बुंध्यापाशी कागद खरवडल्यासारखा झाला होता. निळा रंग तिथे जास्त प्यायला गेला होता.

त्यांनी कागद परत केला. किटली उचलली आणि सगळ्यांचे पेले भरले. गिरमिटवाल्याचा पेला काठोकाठ भरला, थोडा चहा त्याच्या हातमोज्यावर सांडला. शेवटचा पेला भरून झाला तेव्हा किटली रिकामी झाली होती आणि त्यांना आणखी काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

"तो ट्रॅक्टर मी हलवायला लावला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चित्रातला. तिने तो आधी खांबाला चिकटून काढला होता. मी म्हटलं, हलव. दोन वस्तू चिकटल्या की चित्र बिघडतं."

प्रमुखांनी पेला बर्फावर ठेवला. "म्हणजे तो इथे नव्हता?"

"कागदावर दोन बोटं सरकवला."

"आणि बर्फावर किती?"

बाईंनी सरोवराकडे पाहिलं. काड्यांची ओळ, तिच्या पलीकडे काहीच नाही, मग आणखी पलीकडे तसंच काहीच नाही आणि शेवटी दुसरा काठ, पेन्सिलीच्या एका रेघेएवढा.

"मला नाही सांगता यायचं," त्या म्हणाल्या.

प्रमुख रागावले नाहीत. त्यांनी एकदा काड्यांकडे पाहिलं, हातमोजा काढून तोंडावरून हात फिरवला आणि पुन्हा घातला.

"कालच बोलला असतात तर," ते म्हणाले. वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "चला. मुलगी कुठे असेल?"

मुलगी शाळेत होती, कारण तिची आई शाळेत होती. शाळेची लोखंडी शेगडी रोज सकाळी तीच पेटवायची, आणि शाळा बंद असली तरी शेगडी बंद ठेवायची नाही, असं तिने ठरवलेलं दिसत होतं. तिला सगळं गाव वहिनी म्हणायचं. काल हेडसर तिला म्हणाले होते की, वहिनी, आता राहू दे. त्यावर ती म्हणाली होती की भिंती एकदा गार पडल्या की चार दिवस ऊब धरत नाहीत.

धक्क्यावरून शाळेकडे चढताना बाईंना तो तास सबंध आठवला. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून तर इतके दिवस आठवला नव्हता. थंडी सुरू होताना त्या या गावात आल्या होत्या. नकाशावर या गावाच्या वर उत्तर दाखवणारा बाण तेवढा उरतो. दूरच्या शाळांना एका हिवाळ्यापुरता चित्रशिक्षक पाठवायचा अशी योजना होती, आणि शहरात वीस वर्षं परीक्षांची चित्रं तपासून झाल्यावर कुठेही जायला त्यांची ना नव्हती. इथे खिडकीजवळ ठेवलेल्या, रंग कालवायच्या वाटीतलं पाणी गोठायचं. त्यात चिमूटभर मीठ टाकायचं, हे त्या मुलांकडून शिकल्या. मुलांना त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पेन्सिल धरून हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठ्याने माप घ्यायचं. आणि दोन वस्तू एकमेकींना चिकटू द्यायच्या नाहीत. दुसरी गोष्ट पटावी म्हणून त्यांनी फळ्यावर हेडसर काढले होते, डोक्यातून झाड उगवलेले. मुलं हसून हसून बाकाखाली गेली. मग आठवडाभर सगळ्यांच्या चित्रात सगळ्यांच्या डोक्यातून काही ना काही उगवत होतं.

मंगळवारी बाकांमधून फिरताना त्या मुलीच्या मागे थांबल्या. वर्गात तिला खोडरबर म्हणत. एक रेघ चार वेळा खोडल्याशिवाय तिचं समाधान व्हायचं नाही. बाई वाकल्या, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हा खांब ट्रॅक्टरमधून उगवलाय बघ. सरकव जरा. आणि मोठा काढ, जवळचा वाटेल." आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. जहाजवाल्याला त्यांनी विचारलं होतं की जहाज आलं कुठून. खिडकीतून बाहेर त्यांनी पाहिलंही नव्हतं. त्यांचं लक्ष कागदांवर होतं.

वर्गात शेगडी पेटली होती. वहिनी तिच्यापुढे उकिडवी बसून लाकडाच्या ढलप्या आत सारत होती. मुलगी तिच्या बाजूला लाकडाच्या ओंडक्यावर बसली होती. अंगावर बापाचा जुना स्वेटर होता, बाह्या चार वेळा दुमडलेल्या.

प्रमुख दाराशी थांबले. बोलायचं ते बाईंनीच बोलावं असं त्यांना वाटत असावं.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "ते लोक चुकीच्या जागी खणतायत. कालपासून. माझ्यामुळे."

वहिनीने मान वळवली नाही. बाईंनी सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, चारपाच वाक्यं झाली. ती वाक्यं त्यांच्या तोंडून वर्गात सूचना द्याव्यात तशी आली, सुटी सुटी, आणि त्यांना स्वतःलाच ती कुणा दुसऱ्याची वाटली.

वहिनीने शेगडीचं दार लावलं. हात पदराला पुसले.

"तुम्ही सांगितलंत म्हणून तिने हलवलं," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं तर जन्मात हलवलं नसतं. बापाच्या वळणावर गेलीय." मग मुलीला म्हणाली, "ऊठ. बाई काय विचारतायत ते सांग. आणि नीट सांग, बाईंना बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस."

मुलगी उठली.

"खोडायच्या आधी तो कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"खांबाच्या मागे."

"अगदी मागे?"

"पुढचं चाक इकडून दिसत होतं आणि मागचं तिकडून. मधे खांब." तिने दोन्ही तळहात नाकाच्या दोन्ही बाजूंना धरून दाखवले. "तुम्ही म्हणालात, उगवल्यासारखा दिसतो."

"काका विचारायला आले तेव्हा का नाही सांगितलंस?"

मुलीने प्रमुखांकडे पाहिलं. "त्यांनी विचारलं, चित्रात हे तुझे बाबा का? मी हो म्हटलं." मग ती म्हणाली, "आणि सरकवलेलं बरोबर असतं ना? तुम्ही बरोबरची खूण केली होती."

खूण केली होती. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, लाल.

प्रमुख एकदम पुढे आले. आता त्यांच्या आवाजात काल सकाळी शोध सुरू करतानाची घाई परतली होती. "बाई, तुमच्या लक्षात येतंय का? ती इथे बसली होती, तो खांब तिथे आहे, आणि ट्रॅक्टर बरोब्बर त्याच्या मागे. म्हणजे सरळ रेघ. डावीकडे अंदाजाने किती, हा प्रश्नच नाही. दोरी ताणावी तशी रेघ मिळते. ती बसली होती कुठे?"

"खिडकीजवळच्या बाकावर," बाई म्हणाल्या.

"नाही," मुलगी म्हणाली. "तो बाक आईने झाडताना सरकवला."

वहिनीने कपाळाला हात लावला. "रोज सरकवते गं बाई."

"त्याचा पाय त्या फटीत असायचा." मुलीने जमिनीतल्या दोन फळ्यांमधली फट दाखवली. प्रमुखांनी आणि बाईंनी बाक उचलून पाय फटीत बसवला. मुलगी बसली, बाहेर पाहिलं आणि लगेच उठली.

"काय झालं?"

"खिडकीची कड मधे येते. मी दप्तरावर बसले होते."

वहिनी दप्तर आणायला घरी गेली. ती येईपर्यंत प्रमुख वॉकीटॉकीवर खालच्या माणसांशी बोलले. सगळं सोडा, एकाने लाल झेंडा घ्या, मी सांगेन तसं चाला. खालून काहीतरी प्रश्न आला. प्रमुख म्हणाले, "मागाहून सांगतो. आधी चाल."

दप्तर आलं. ते बाकावर ठेवून मुलगी त्यावर बसली.

"हललेली चालणार नाही," प्रमुख म्हणाले. "आता डोकं मंगळवारी होतं तिथेच ठेव."

"कुठला डोळा मिटला होतास?" बाईंनी विचारलं.

"डावा."

"मग मीट."

मुलीने डावा डोळा मिटला, हात ताठ केला, अंगठा पेन्सिलीवर ठेवला असावा तसा वाकवला. पेन्सिल हातात नव्हती. बाईंनी फळ्याखालच्या पन्हळीतून एक उचलून तिच्या मुठीत दिली.

बर्फावर लाल ठिपका चालू लागला. काड्यांच्या ओळीतून तो बाहेर पडला आणि उजवीकडे सरकत राहिला. चालणारा माणूस दिसत नव्हता, ठिपका तेवढा दिसत होता. वर्गात शेगडीतली लाकडं तडतडत होती.

"अजून," मुलगी म्हणाली.

"अजून," प्रमुख वॉकीटॉकीत म्हणाले.

"अजून... अजून... हळू. त्यांना सांगा हळू."

ठिपका खांबाजवळ आला, त्याला टेकला. बाईंना दोन वस्तू चिकटलेल्या दिसल्या आणि त्यांचा हात नकळत उचलला गेला, बोट काचेच्या दिशेने. त्यांनी तो खाली घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

"आता नाही दिसत," मुलगी म्हणाली.

"थांब!" प्रमुख म्हणाले. "तिथेच थांब. काडी रोव."

वहिनी भिंतीला टेकून उभी होती. ती खिडकीपाशी आली नव्हती. तिला दिसत होती ती मुलीची पाठ.

"रेघ मिळाली," प्रमुख म्हणाले. "आता या रेघेवर किती लांब, ते बघावं लागेल. अलीकडून सुरू करून पलीकडे जाऊ." त्यांनी पिशवीतला कागद पुन्हा काढला. "चित्रात केवढा आहे त्यावरून अंतराचा अंदाज आला असता. पण तोही बदलला असेल."

बाईंना आठवलं. "हो. मी म्हटलं होतं, मोठा काढ. जवळचा वाटेल."

"तो नाही बदलला," मुलगी म्हणाली. हात अजून ताठ होता, डोळा मिटलेला. "सरकवला, पण मोठा नाही केला."

"का गं?"

"बाबा तेवढेच दिसत होते."

मग प्रमुखांनी विचारलं की तेवढे म्हणजे केवढे, आणि तिने पेन्सिलीवर अंगठा सरकवून दाखवलं. टोकापासून अंगठ्यापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढं अंतर होतं. झेंडेवाल्याला त्याच रेघेवर मागे मागे जायला सांगितलं. खांबाआडून त्याने झेंडा डोक्यावर उंच धरायचा, मग बाजूला होऊन पुन्हा दिसायचं, असं चाललं. माणसाची उंची आणि ट्रॅक्टरची उंची यांचा हिशेब प्रमुख तोंडाने पुटपुटत होते. मुलगी माप घेत होती. एकदा तिने "पुढे गेले, परत बोलवा" म्हटलं, एकदा "अजून मोठे दिसतायत" म्हटलं. शेवटी ती म्हणाली, "एवढेच." तिथे दुसरी काडी रोवली गेली.

ती जागा कालच्या काड्यांपासून इतकी दूर होती की गिरमिट ढकलगाडीवर घालून न्यावं लागलं.

"ती अशीच बसू दे," जाताना प्रमुख म्हणाले. "ओळ चुकली तर पुन्हा विचारावं लागेल." वॉकीटॉकी त्यांनी बाईंच्या हातात दिली. आपल्यासाठी खाली दुसरी आहे म्हणाले.

मग दिवस पुढे गेला. खालून अधूनमधून आवाज येत होते. भोक पाडलं, काही नाही. पुढे सरकतोय. काही नाही. बाईंनी मुलीला एकदा विचारलं की हात दुखतो का. ती म्हणाली, हात खाली घेतला तर चालेल का. बाई म्हणाल्या, चालेल. तिने हात खाली घेतला, डोळा मात्र उघडला नाही. वहिनीने तिच्या मांडीवर पेलाभर गरम दूध आणून ठेवलं. ते तिने डोकं न हलवता, पेला तोंडाशी उचलून प्यायलं.

"अशी बसली असती अभ्यासाला," वहिनी म्हणाली, "तर पहिली आली असती."

"गणितात आले होते," मुलगी म्हणाली.

"एकदा."

बाईंना आपणही काही बोलावं असं वाटलं. त्यांनी वाटीतलं पाणी पाहिलं. कडेने गोठत आलं होतं. त्यांनी त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि बोटाने ढवळलं. बोट गार पडलं का, हे त्यांना कळलं नाही.

"वहिनी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तुम्ही खाली जाणार असाल तर मी इथे आहे."

"जाऊन काय करू? शेगडी विझेल."

तीननंतर उजेड उतरू लागला. आधी दुसरा काठ पुसला गेला, मग काड्या. खांब तेवढा काळा उरला. चारच्या सुमारास वॉकीटॉकी खरखरली. प्रमुखांचा आवाज होता, पण ते कुणा दुसऱ्याशी बोलत होते. हळू, सोडू नका, धरून ठेवा. मग ते बाईंशी बोलले.

"दोर अडकलाय."

"कशात?"

"माहीत नाही. ओढला तर येत नाही, सोडला तर खाली जात नाही. दगड असू शकतो. बुडालेलं झाड असू शकतं. इथे आमचे दिवे पुरत नाहीत. दोर खुंटीला बांधून ठेवतोय. उजाडल्यावर बघू." मग त्यांनी विचारलं, "वहिनी आहेत का तिथे?"

"आहेत."

"ऐकलं ना त्यांनी?"

बाईंनी वळून पाहिलं. वहिनीने शेगडीचं दार उघडलं होतं आणि रात्रभर पुरेल इतकं लाकूड ती एकावर एक रचत होती.

"ऐकलं," बाई म्हणाल्या.

खालचे दिवे एकेक करून काठाकडे येऊ लागले. खिडकीची काच आता आतल्या आगीने तांबूस झाली होती, त्यात वर्ग दिसत होता, बाहेरचं काही नाही. मुलगी दप्तरावर ताठ बसली होती, डावा डोळा मिटून. तिला ऊठ म्हणून अजून कुणी सांगितलं नव्हतं.